वाचकांचे प्रश्न : भूतबाधेचा सिनेमा पाहिल्यानंतर

प्रश्न : अकरावीतली मुलगी मैत्रिणींसोबत रात्रीच्या शोला भूतबाधेचा सिनेमा पाहून आली. नंतर एका पहाटे जाग आली तर छातीवर कुणीतरी बसलंय, ओरडायचंय पण आवाज फुटत नाही, असं तिला झालं. सासूबाई भगताकडे न्यायचं म्हणतात. (महाल)

उत्तर : भगताकडे नेऊ नका. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नातलं पळणं आपण अंथरुणातच सुरू केलं असतं. कधीकधी डोळे उघडतात, पण स्नायू सैलच राहतात आणि स्वप्नाचा तुकडा जागेपणी दिसत राहतो. डॉक्टर याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. श्वास चालूच असतो. फक्त मुद्दाम खोल घेता येत नाही, म्हणून ओझं वाटतं. काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत सुटतं. उशिरा घरी येणं आणि मग भीतीने जागणं, यांनी झोप तुटली की हे होतं. सिनेमाने त्या आकृतीला चेहरा तेवढा दिला.

झोपायची आणि उठायची वेळ काही आठवडे तरी एकच ठेवा. उताणं न झोपता कुशीवर झोपू द्या, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. पुन्हा झालंच तर अख्खं अंग हलवायची धडपड नको, त्याने घाबरगुंडी वाढते. पायाचा अंगठा किंवा हाताचं एक बोट हलवायचा प्रयत्न करावा आणि श्वास सावकाश सोडावा. घरच्यांनी नावाने हाक मारून खांद्याला हात लावला तर बरेचदा लगेच सुटतं. दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. सासूबाईंनाही सोबत बसवून हे सांगा; त्यांनाही कधी असं झालेलं असू शकतं.

प्रश्न : भूत दिसलं तेव्हा भाऊ शांत होता, इंजेक्शनच्या दृश्याला मात्र चक्कर येऊन पडला. असं कसं? (मानेवाडा)

उत्तर : यात नवल नाही. १९७३च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ला प्रेक्षक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्यातही अनेकांना सोसलं नाही ते मानेत सुई घालून केलेल्या तपासणीचं दृश्य. भीतीने नाडी वाढते. रक्त आणि सुई पाहून काहींची नाडी आधी वाढते आणि मग एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी, कानात घुंई, घाम ही आधीची खूण. त्या क्षणी दंड, पोट आणि मांड्या १० ते १५ सेकंद घट्ट आवळायच्या, मग २०-३० सेकंद सोडायच्या; असं पाच वेळा. पडलाच तर आडवं ठेवून पाय उचलून धरा. उठवून बसवायची घाई हीच चूक सर्रास होते.

प्रश्न : तोच सिनेमा मोबाईलवर पाहिला, भीती वाटली नाही. (सदर)

उत्तर : मोबाईलच्या स्पीकरला खर्जातला घरघराट वाजवताच येत नाही. दचकवणाऱ्या जागेआधी आवाज मुद्दाम पाडलेला असतो आणि मग एकदम चढतो. तो फरकही लहान स्पीकरवर मरतो. थिएटरात फार त्रास होत असेल तर डोळे नको, कान झाका.

प्रश्न : शेजारच्या सूनबाई सिनेमाहून आल्या, तेव्हापासून आवाज बदलून बोलतात, घुमतात. घरचे अंगात आलं म्हणून मिरचीची धुरी द्यायच्या तयारीत आहेत. (नंदनवन)

उत्तर : धुरी आजच थांबवा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. घरात आरती-पूजा केली तर हा कायदा आड येत नाही.

असं घुमणं बहुतेकदा ढोंग नसतं. मनावरचा ताण बोलून दाखवता येत नाही तेव्हा तो असा बाहेर पडतो, आणि सिनेमाने त्याला नुकताच एक आकार दाखवलेला असतो. भोवती गर्दी जमली, प्रश्न विचारले गेले की घुमणं लांबतं. म्हणून खोलीत एकच विश्वासाचं माणूस ठेवा, ‘तू कोण आहेस’ विचारू नका, पाणी द्या, दमल्यावर झोपू द्या. दुसऱ्या दिवशी, त्यांना एकटीने बोलता येईल अशा बेताने, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. सासरी काय चाललंय हे त्या नवऱ्यासमोर सांगणार नाहीत. न्यायला वेळ लागणार असेल तर १४४१६ या टेलि-मानसवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

हातपाय झटकले जात असतील, तोंडाला फेस असेल, लघवी झाली असेल तर ती मिरगी असू शकते. कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ लावा.