डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्ले खेळात, लेव्हल ५ चा पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) खेळतोय. पुढची लेव्हल सॉर्सररची (जन्मजात जादूगाराची) घेऊ की पॅलाडिनचीच?

पॅलाडिनचीच. ६ होईपर्यंत दुसऱ्या क्लासकडे (पात्राच्या पेशाकडे) बघूही नका.

तुम्ही लिहिलंय की तुमचा ग्रुप म्हणतो, डी अँड डीमध्ये एकच क्लास धरून बसणं हा नवशिक्यांचा खेळ. हेच मी आमच्या पुण्यातल्या टेबलवर कॅम्पेनभर ऐकलंय. आमच्यात दोन पॅलाडिन होते. मी सरळ ६, आणि एक मित्र पॅलाडिन २, सॉर्सरर ४. त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (जादूचा मोजका साठा), म्हणजे एका स्माइटला (स्लॉट खर्चून वाढवलेल्या घावाला) ४डी८, आठ बाजूंचे चार फासे. माझा जास्तीत जास्त ३डी८. दर सेशनला हे ऐकवायचा. मला एक्स्ट्रा अटॅक आहे, मी टर्नला दोनदा मारते, हे त्याच्या हिशोबात कधी आलंच नाही.

मग यंग ग्रीन ड्रॅगन समोर आला. विषारी फूत्कार, १२डी६, कॉन सेव्ह १४ चा, म्हणजे फासा आणि कॉनचा (काटकपणाचा) बोनस मिळून १४ झाले तर निम्मंच डॅमेज. डॅमेज पडलं ४२. आमच्या विझर्डचे हिट पॉइंट सगळे मिळून ३८. तिला फाशावर ९ आले, कॉनचे २, झाले ११. तिथंच आडवी झाली असती. पण ती माझ्यापासून १० फुटांच्या आत होती आणि माझा करिश्मा +४. ऑरा ऑफ प्रोटेक्शन! जवळच्या साथीदारांच्या सेव्हमध्ये पॅलाडिनचा करिश्मा मिळवायचा. १५ झाले, निम्मं डॅमेज घेऊन ती १७ वर उभी राहिली आणि आपल्या टर्नला तिनं फायरबॉल टाकला. मित्राचा सेव्हसुद्धा माझ्याच ऑरामुळे निघाला. तरी सेशननंतर चर्चा कशाची, तर त्याच्या क्रिटची (फाशावर २० आल्यावर बसलेल्या जबर घावाची).

हा ऑरा पॅलाडिनला ६ ला मिळतो, आणि तुम्ही त्याच्या दारात उभे राहून परत फिरायचं म्हणताय. पार्टीतल्या प्रत्येकाचा प्रत्येक सेव्ह सुधारणारी दुसरी गोष्ट मला दाखवा. सॉर्सररच्या एका लेव्हलमध्ये तर ती नक्की नाही, मेटामॅजिकसुद्धा (स्पेल हवे तसे वाकवायची सॉर्सररची खुबी) त्याच्या ३ ला येतं.

६ नंतर सॉर्सरर खुशाल घ्या, चांगलाच जमतो. तुमचा करिश्मा १४ च असेल तर मात्र ऑरा +२ वरच अडकेल, आधी तो वाढवा.

हे सगळं २०१४ च्या नियमांचं. २०२४ च्या पुस्तकात मेटामॅजिक २ लाच मिळतं, आणि स्माइट बोनस ॲक्शनचा स्पेल झालाय, त्यामुळे टर्नला एकच. ऑरा तिथंही ६ लाच आहे.