मामांची व्हीटेक घेऊ का?

प्रश्न : ताई, माझ्या मामांकडे २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत. गाडी मिरामारला समुद्राजवळ उघड्यावर असते. मामा म्हणतात, "विकायची नाही, पण तू घेऊन जा." घरचे म्हणतात, जुनं लोखंड दारात कशाला? मी रोज डिचोलीहून वेर्ण्याला कामावर जातो. दोस्तांच्या मते तशी सिटी नंतर झालीच नाही. काय करू? — एक वाचक (वय २६), डिचोली

उत्तर : तुझ्या दोस्तांशी मी सहमत आहे, कारण २००१पासून फोंड्यात माझ्या दारात हीच गाडी उभी आहे. सिटी भारतात आली १९९८ला आणि १.५ व्हीटेक २०००मध्ये. १०६ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम टनभर. आजच्या सिटीत १२१ अश्वशक्ती आहे, पण ती गाडी आकाराने आणि वजनाने कितीतरी वाढली आहे. आपली जुनी बुटकी, हलकी. वळणावर ती अंगाला लागून वळते.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून व्हीटेक म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी उघडतात. उंचवटा लहान असला तर गाडी गर्दीत गुळगुळीत चालते, पण पळताना तिचा श्वास अपुरा पडतो. मोठा असला तर उलटं. होंडाने दोन्ही एकाच दांड्यावर बसवले. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, झडपा दाबणारे रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि झडपा मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. साखळी सोडून केरी मागे पडलं, चोर्ल्याचा चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये काटा वर गेला, की आवाज बदलतो. तो आवाज मी चोवीस वर्षं ऐकते आहे, अजून कंटाळा आलेला नाही.

पण लक्षात घे, हे सगळं ऑइलच्या दाबावर चालतं. २०११मध्ये सासूबाईंना बेळगावला डॉक्टरांकडे नेताना त्याच चढावर माझ्या गाडीचा तो दुसरा श्वास आलाच नाही. एका मोठ्या गॅरेजने बघून सांगितलं, इंजिन बांधावं लागेल, पंचेचाळीस हजार होतील. मी दोन रात्री झोपले नाही. मग कुर्टीच्या आमच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी पहिल्यांदा ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आणि डांबरासारखं काळं. ऑइल आणि फिल्टर बदलला, व्हीटेकला ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेमागची, म्हणजे सोलेनॉइडमागची, बारीक जाळी गाळाने भरली होती ती धुतली. सगळे मिळून अडीच हजार झाले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना मी स्वतः डिपस्टिक बघते. तूही बघ.

तरी मामांकडे गेल्यावर बॉनेट उघडू नकोस. आधी जमिनीवर गोणपाट अंथर आणि गाडीखाली आडवा हो. ही इंजिनं दमदार आहेत, पत्रा नाही. आपल्याकडे शंभर इंच पाऊस, त्यात मिरामारची खारी हवा. मागच्या चाकांच्या कमानी आतून बोटाने चाचप, दारांखालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. टणक आवाज यायला हवा. मग डिकीतली स्टेपनी काढ. गोव्यातल्या गाडीची खरी कुंडली तिथेच असते. रविवारी बाजारातून बांगडे-इसवण पिशवीतून डिकीत येतात, मिठाचं पाणी गालिच्याखाली उतरतं आणि वर्षानुवर्षं पत्रा खात बसतं. माझ्या गाडीच्या तिथे २०१४मध्ये हात जाईल एवढं भोक पडलं होतं. कापून नवा तुकडा वेल्डिंग करावा लागला. तेव्हापासून मासळी प्लास्टिकच्या टबातच. तिथे गंज वरवरचा असेल तर घासून प्रायमर मार. खालच्या मुख्य दांड्यांपर्यंत, सस्पेन्शन बसतं तिथवर पोचला असेल, तर मामांना प्रेमाने नाही म्हण.

पत्रा पास झाला, तर पुढची गोष्ट टायमिंग बेल्ट. या इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात आणि मग खरोखरच इंजिन बांधावं लागतं. बदलल्याची पावती माग. मामा "बदललाय बहुतेक" म्हणाले, तर नाही बदलला असं धर. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तोही त्याच वेळी बदलून घे. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, तपासून घे. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे टाक, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००२चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. आरसीची मुदतही बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क २०२५पासून दहा हजार आहे.

आता वेर्ण्याचं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात, पावसाळ्यात, ट्रकांच्या मधून. त्यासाठी ही गाडी नको. सहा एअरबॅगा यात नाहीत, आणि जुनी हेडलाइट किंवा मडगार्ड फुटलं तर सुटा भाग शोधण्यात महिना जातो. नवी किंवा निदान २०१४नंतरची सिटी रोजच्या कामाला घे. मामांची गाडी रविवारची ठेव, मात्र छपराखाली. आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा असलं काही लावू नकोस. आधीच ती आपल्या गतिरोधकांवर घासते.

प्रश्न : माझी २००६ची "डॉल्फिन" सिटी ऑटोमॅटिक सुटताना थरथरते. प्लग नुकतेच बदललेत. — एक वाचिका, मडगाव

उत्तर : बाई, किती प्लग बदलले ते पावतीवर बघा. तुमच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत, प्रत्येकी दोन. मागचे चार हाताला सहज लागत नाहीत म्हणून काही जण पुढचेच बदलतात. आठही नवे असतील आणि थरथर फक्त जागेवरून सुटताना असेल, तर ती बहुधा सीव्हीटीच्या, म्हणजे तुमच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, स्टार्ट क्लचची. होंडाचंच सीव्हीटी ऑइल भरून घ्या, साधं गिअर ऑइल चालत नाही, आणि क्लचचं कॅलिब्रेशन करून घ्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. ७७ अश्वशक्तीचं ते इंजिन वेगासाठी नाही, पण पेट्रोल जपून वापरतं. गाडी विकायची घाई करू नका.

प्रश्न : सिव्हिकसारखी सिटीची टाइप आर, म्हणजे खास वेगवान आवृत्ती, निघाली आहे का? — इयत्ता नववीतला वाचक, पेडणे

उत्तर : नाही, बाळा. पण तुला आवडेल असं एक सांगते. सिटी हे नाव १९८१मध्ये जपानात आधी एका उंच, छोट्या हॅचबॅकला दिलं होतं. १९८२मध्ये तिला टर्बो बसवला आणि १९८३मध्ये आली टर्बो टू. चाकांवरच्या कमानी फुगलेल्या, म्हणून लोक तिला बुलडॉग म्हणत. इंजिन फक्त १२३१ सीसीचं आणि ताकद ११० अश्वशक्ती! सेडान सिटी १९९६मध्ये थायलंडमध्ये आली. तिथेच २०१९मध्ये एक लिटर टर्बोची आरएसही निघाली, १२२ अश्वशक्ती आणि १७३ न्यूटन मीटर टॉर्कची. ते टर्बो इंजिन आपल्याकडच्या सिटीत आलं नाही. फोंड्याला आलास तर माझ्या गाडीचं बॉनेट उघडून तुला व्हीटेकचं सोलेनॉइड कुठे असतं ते दाखवीन.