चर्चमध्ये गिटार-ड्रम चालतात का? की पेटीवरची जुनी गाणीच खरी?

तुमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात) तरुणांना गिटार-ड्रमवरची नवी गाणी हवीत, ज्येष्ठांना पेटीवरची जुनी. आणि कॅथलिक चर्चचा नियम कोणाच्या बाजूने, असं तुम्ही विचारलंय. मी वसईकडचा, वीसेक वर्षं कॉयरमध्ये पेटी वाजवतोय. हे भांडण दर नाताळच्या सरावाला ऐकतो.

नियम दोघांनाही थोडा अडचणीचाच आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ड्रम यांना साफ मनाई केली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये दार उघडलं: उपासनेला शोभतील आणि लोकांच्या सहभागाला मदत करतील अशी इतर वाद्यं चालतील. गिटारवाले एवढंच सांगतात. परिषदेच्या त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला (चर्चचं जुनं, एकसुरी लॅटिन गायन) मानाचं स्थान आणि पाइप ऑर्गनचा मोठा आदर, हेही लिहिलंय. आता लॅटिन ग्रेगोरियन आमच्याकडे कोण गातंय? आणि ज्येष्ठांची ‘परंपरेची’ पेटी मुळात फ्रान्समधून आलेली!

माझ्या मते वाद वाद्याचा नाहीच, पट्टीचा आहे, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरलं याचा. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी यूट्यूबवरून एक गाणं उचललं, मूळ गायिकेची काळी पाच तशीच ठेवून. ध्रुपदाला आवाज वर चढला आणि तिसऱ्या बाकावरच्या लाल लुगड्यातल्या आज्या एकेक करून गप्प झाल्या. ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) वेळी माइकवर चारजण गात होते, बाकी चर्च ऐकत होतं. पुढच्या रविवारी तेच गाणं खाली, काळी तीनमध्ये घेतलं. गिटारवाला कुरकुरला, कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारा चिमटा) सरकवून कॉर्ड बदलावे लागले. पण दुसऱ्या कडव्याला आज्या गात होत्या. एकीने तर नंतर शब्द लिहून मागितले.

दोन गोष्टी मात्र फादरांना विचारून पक्क्या करा. प्रतिसाद स्तोत्राच्या (मिसेत बायबलच्या पहिल्या वाचनानंतर येणाऱ्या स्तोत्राच्या) जागी दुसरं कुठलंही गीत घालता येत नाही, कितीही गोड असो. आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून. नुसते वाद्याचे तुकडे नकोत. (अपवाद त्या काळातला चौथा रविवार आणि मोठे सण.) आमच्या कीबोर्डवाल्याला हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

ड्रमबद्दल माझं वैयक्तिक मत: छोट्या चर्चमध्ये नको. छत पत्र्याचं असेल तर अजिबातच नको.