चार दोऱ्यांचा पतंग उठतच नाही

प्रश्न : चार दोऱ्यांचा पतंग घेतलाय. दोन्ही हातांतल्या मुठी (दांड्या) जोरात ओढल्या तरी जागेवरच थरथरतो. उठलाच तर गर्रकन डावीकडे फिरून आपटतो. दोरी नायलॉनची आहे.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : थरथर म्हणजे ब्रेक लागलेला आहे. मुठीच्या खालच्या टोकाच्या दोऱ्या ब्रेकच्या, म्हणजे पतंगाला अडवणाऱ्या. त्या आखूड पडल्यात. मुठीपाशी, दोन्हीकडे सारख्याच, तीन-चार सेंटीमीटर सैल करा. तरी उठेना तर आणखी तेवढ्याच. फार सैल केल्यात तर पतंग उलटा मागे सरकणार नाही, हवेत थांबणारही नाही.

डावीकडे फिरतो कारण दोऱ्या असमान आहेत. दोऱ्या मुठीवरून सोडवा, चारही टोकं एका खिळ्याला अडकवून ताणा आणि जुळवा. नायलॉन मात्र बदलाच. ते रबरासारखं ताणतं, मनगटाची हालचाल पतंगापर्यंत पोचतच नाही. न ताणणारी डायनीमाची दोरी घ्या, चारही २५ मीटर.

उडवताना वारा पाठीशी हवा. पतंग पंखांच्या टोकांवर, लांब कड वर करून उभा करा. हात ओढू नका. अंगठे स्वतःकडे झुकवा आणि एक पाऊल मागे जा. खाली आणताना उलट, करंगळीकडची टोकं ओढा.

गल्लीत, गच्चीवर वारा भोवऱ्यासारखा फिरतो, तिथं शिकणं व्यर्थ. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार उत्तम, पण कड्यापासून लांब. उजळाईवाडी विमानतळाच्या बाजूला नको.