ठाणे ते जैसलमेर, मुलं आणि आजोबांसह गाडीने: आधी किती सकाळी मिळतात ते मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कासारवडवलीहून स्वतःच्या गाडीने नाताळच्या सुट्टीत आठ दिवस, सोबत दहा आणि सहा वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांचे सासरे. यादीत काळविटांचं वेळावदर, कच्छचं छोटं रण, धोर्डोचं पांढरं रण आणि जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क. मी वर्तकनगरचा. या वाटेवर मी घरच्यांना घेऊन तीन वेळा गेलोय, त्यातल्या एका खेपेला वडीलही होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठ दिवसांत ही यादी होणार नाही. गाडी सगळीकडे पोचेल, पण बघायला गेलात ते दिसणार नाही. वाळवंटातले प्राणी उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत आणि मग चारनंतर अंधार पडेपर्यंत दिसतात. मधल्या वेळात चिंकारा खेजडीच्या झाडाच्या सावलीला बसलेला असतो आणि उघड्या माळावर हवा अशी थरथरते की दुर्बिणीतून दगड कुठला आणि पक्षी कुठला ते कळत नाही. थंडीतही हे होतं. तेव्हा कागदावर किलोमीटर लिहिण्याआधी प्रत्येक ठिकाणाला किती सकाळी मिळतात ते लिहा. तुमच्या आराखड्यात वेळावदरला एक आणि रणाला एक सकाळ येते. जैसलमेरला शून्य, कारण तिथली एकुलती सकाळ परतीच्या गाडीत जाते.

धोर्डो आधी काढून टाका. छोट्या रणाच्या काठावरच्या दसाड्याहून ते पश्चिमेला तीनेकशे किलोमीटर आत आहे, नाताळात तिथे रणोत्सवाची गर्दी असते आणि वन्यजीवांच्या दृष्टीने तुमच्या हाती काही लागत नाही. मिठाचं पांढरं मैदान मुलांना छोट्या रणातही दिसेल, आणि ते पिकवणारी माणसंही भेटतील.

उरलेल्या तीन ठिकाणांना अकरा दिवस लागतात. तेवढी रजा मिळत नसेल तर जैसलमेर पुढच्या वर्षावर टाका आणि वेळावदर आणि छोटं रण सहा-सात दिवसांत निवांत करा. जैसलमेरला नंतर वांद्रे टर्मिनसवरून जोधपूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे गाडी भाड्याने घेता येते. लहान मुलांसह मला तो मार्ग जास्त पटतो. पण तुम्हाला घरून गाडी काढूनच जायचंय आणि रजा वाढू शकते असं लिहिलंय, म्हणून अकरा दिवसांचा मार्ग सांगतो.

पहिला दिवस वडोदऱ्यापर्यंतच. साधारण चारशे किलोमीटर होतात. पहाटे साडेचारला निघा. तुम्ही घोडबंदर रोडवरच राहता, पण गायमुखचा घाट आणि वर्सोव्याचा पूल उजाडायच्या आत मागे पडला पाहिजे, एकदा अवजड गाड्यांची रांग लागली की तिथेच दीड तास जातो. चारोटी नाक्याला चहा, वापीनंतर नाश्ता. सुरत ते अंकलेश्वर पट्टा कंटाळवाणा आहे, पुढे भरूच-वडोदरा हा एक्सप्रेसवेचा तुकडा २०२४ पासून सुरू झाल्याने शेवटचा तास सुखाचा जातो. वडोदऱ्याला दुपारी पोचून आजोबांना झोपू द्या. एका दमात वेळावदर गाठायचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी चिडचिडी होतात.

दुसऱ्या दिवशी तारापूर, वटामण चौकडी, धोलेरा करत दुपारच्या जेवणापर्यंत वेळावदर. हे राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं आहे. भावनगर संस्थानची ही राखीव गवताळ वीडी, म्हणजे कुरण, होती, १९७६ मध्ये उद्यान झालं. खरं म्हणजे हे वाळवंट नाही, माळरान आहे, पण सुरुवात इथूनच करा, कारण मुलांना पहिल्या दहा मिनिटांत काळवीट दिसतात आणि तीही शेकड्यांनी. पहिल्याच ठिकाणी काही दिसलं नाही की सहा वर्षांचं मूल पुढचे दहा दिवस ‘कधी पोचणार’ एवढंच विचारतं. संध्याकाळची फेरी अजिबात चुकवू नका. सूर्य खाली गेला की भोवत्या नावाचे शिकारी पक्षी चारी दिशांनी येऊन गवतात रात्रीपुरते उतरतात. मध्य आशियाकडून थंडीत आलेले हे पक्षी, आणि त्यांचं एवढं मोठं रातथाऱ्याचं ठिकाण जगात फार थोड्या जागी आहे. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती मोजता मोजता दोनशेवर गेली आणि मग मोजणं सोडून नुसती बघत बसली. सकाळच्या फेरीत लांडगा आणि तरस यांच्यासाठी डोळे उघडे ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी उरकून लिंबडी, सुरेंद्रनगरमार्गे दसाडा किंवा झैनाबाद. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आहे. इथे दोन रात्री राहा. छोट्या रणातलं अभयारण्य जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि घुडखर, म्हणजे आपलं रानगाढव, भारतात प्रामुख्याने इथेच उरलंय. १९६०च्या दशकात रोगराईमुळे ही संख्या काही शेकड्यांवर आली होती. २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली. मुलांना हे आकडे जरूर सांगा. संपत आलेलं जनावर परत वाढू शकतं, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल अशा जागा आपल्याकडे फार नाहीत. रणातल्या पाणथळीत रोहित पक्षीही असतात. ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात येणाऱ्या थव्यांचं कच्छशी नातं आहे. माझ्या मुलाने ते ऐकल्यावर ‘म्हणजे हे आपल्याकडचेच’ असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तो ठाणे खाडीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. रणात स्वतःची गाडी घालू नका, फोर बाय फोर असली तरीही. पहिल्या खेपेला मी घातली होती. समोर चाकांच्या ठळक खुणा होत्या, जमीन फरशीसारखी कडक दिसत होती, आणि दूर घुडखरांचा कळप होता. दोनशे मीटरवर वरची पापडी फुटली आणि पुढची चाकं खालच्या काळ्या चिखलात अर्धी गेली. रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, वरचा थर वाळतो, खालचा महिनोन्‌महिने ओला राहतो. बायको आणि मुलं गाडीत, फोनला रेंज नाही, चारी बाजूंना एकसारखी क्षितिजं. दोन तासांनी एका अगरिया, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या, कुटुंबाचा ट्रॅक्टर दिसला. त्यांनी दोर लावून गाडी ओढून काढली, मुलांना चहा दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्या दोन तासांत घरच्यांना मी कशात घातलं हे मला आजही आठवतं. इथल्या मुक्कामांच्या स्वतःच्या जीप असतात आणि चालकांना दर वर्षीची ओली-कोरडी जागा ठाऊक असते. तेवढे पैसे वाचवू नका.

चौथ्या दिवशी दुपारी चालकाला सांगून अगरियांच्या मिठागरावर जा. जमिनीतलं खारं पाणी उपसून वाफ्यांमध्ये सोडायचं, दाताळ्याने फिरवत राहायचं, आणि उन्हाळ्यापर्यंत कुटुंबाने तिथेच झोपडीत राहायचं, असं हे काम आहे. फोटो काढण्याआधी विचारा. मुलांसाठी खाऊ नेण्यापेक्षा त्यांच्याकडे पिण्याचं पाणी टँकरने येतं हे लक्षात ठेवून आपलं पाणी आपण न्या.

पाचवा दिवस पूर्ण गाडीचा. राधनपूर, सांचोर, बाडमेर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जैसलमेर होतं असं कुणी सांगेल, पण होतं ते अंधारात. या भागात संध्याकाळी नीलगाय, गुरं आणि उंट रस्त्यावर येतात आणि उंटाचं धड बरोबर काचेच्या उंचीवर येतं. आमच्या घरी नियम आहे: साडेपाचला गाडी मुक्कामावर उभी. तो या सहलीत एकदाही मोडू नका. सकाळी धुकं असेल तर उशिरा निघा.

सहाव्या दिवशी बाडमेरहून जैसलमेरला जाताना शहराच्या अलीकडे १७ किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान लागतं. ज्युरासिक काळातले, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचे झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत. आज जिथे सावलीला झुडूप मिळत नाही तिथे एकेकाळी घनदाट जंगल होतं, हे दहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण वाटेवरच असल्याने सोडू नका.

डेझर्ट नॅशनल पार्कबद्दल आधीच मुलांची समजूत घाला. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात वाळूच्या टेकड्या सुमारे पाचवा हिस्साच आहेत. बाकी खडकाळ माळ, सेवण गवत, खेजडी, आकडा (आपली रुई) आणि केराची झुडपं. टेकड्या हव्या असतील तर सम नावाचं गाव टाळा, नाताळात तिथे रात्रभर गाणी आणि दिवसभर जीपचा धुरळा असतो. खुरीला जा. जैसलमेरहून पन्नासेक किलोमीटर, बरंच शांत आहे, आणि आजोबांना खाटेवर बसून सूर्यास्त बघता येतो.

पण खरं काम पार्कमधल्या सुदासरीला आहे. सातवी आणि आठवी सकाळ तिथेच द्या. दोन्ही. वनखात्याची परवानगी जैसलमेरमधून आदल्या दिवशी घ्या आणि वाट माहीत असलेला स्थानिक चालक घ्या. माळढोक, तिकडे ज्याला गोडावण म्हणतात, आता उरलाय दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, आणि समोरचं नीट दिसत नसल्याने विजेच्या तारांवर आदळून मरतो. २०१९ पासून समला कृत्रिम प्रजननाचं केंद्र सुरू झालं, पिल्लं वाढतायत, तरी मोकळ्या माळावरचा पक्षी दिसणं हे नशीब आहे.

माझे वडील उत्तर सोलापूर तालुक्यातले. नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झालं १९७९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, गुरं राखताना, त्यांनी हा पक्षी रोज पाहिलेला. आता त्या माळावर तो जवळजवळ दिसत नाही. सुदासरीला पहिल्या सकाळी आम्हाला चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं दिसली, माळढोक नाही. वडील काही बोलले नाहीत. आमचा मूळ बेत त्याच दुपारी जोधपूरला निघण्याचा होता, मी हॉटेलला फोन करून तो बदलला. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला गवतातून एक मान वर आली. चालकाने इंजिन बंद केलं. पक्षी सावकाश, एकेक पाऊल टाकत, आमच्यासमोरून पंधरा-वीस मिनिटं चालत होता. वडिलांनी दुर्बीण नातवाकडे दिली आणि म्हणाले, ‘मला लागत नाही, मी ओळखतो त्याला.’ म्हणून दोन सकाळी म्हणतोय. दिसला नाही तरी चालकाला ‘अजून जवळ घे’ म्हणू नका. हा पक्षी बिचकला की अंडं सोडून जातो.

आठव्या दिवशी दुपारी फलोदीला मुक्काम करा, दीडेकशे किलोमीटर. नवव्या सकाळी खिचनला हजारो कर्कोचे गावकऱ्यांनी टाकलेलं धान्य खायला उतरतात. २०२५ मध्ये या जागेला रामसर दर्जा मिळाला. नऊ-दहापर्यंत ते उडून जातात. मग जोधपूर, पालीमार्गे अबू रोड, दहाव्या दिवशी वडोदरा, अकराव्याला घर.

थोडं सामानाबद्दल. ठाण्यातले स्वेटर पुरणार नाहीत. उघड्या जीपमध्ये पहाटे पाच-सात अंश आणि वर वारा असतो, कानटोपी आणि हातमोजे सगळ्यांना हवेत. सूर्य मात्र जैसलमेरला सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे मुलांना फार लवकर उठवावं लागत नाही. कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं, म्हणून खोबरेल तेलाचं बोट नाकात फिरवायचं. थंडीत तहान कळत नाही, आजोबांना तासातासाने पाणी द्या, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. पंक्चरचं साहित्य आणि हवेचा पंप हवाच. गुजरातेत ज्याला गांडो बावळ म्हणतात त्या विलायती बाभळीचा काटा टायरमधून सरळ आत जातो. गाडी सीएनजीची असेल तर राधनपूरनंतर पेट्रोलच्या हिशेबाने चाला आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, हेही सोबतच्यांना सांगून ठेवा.

तारखा पक्क्या करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. खुरीची रात्र अमावस्येच्या जवळ आली तर मुलांना असं आकाश दिसेल जे ठाण्यात कधीच दिसणार नाही. आणि सहल जानेवारीवर ढकलणार असाल तर १४-१५ तारखेला गुजरातेत नसा, उत्तरायणाच्या पतंगांमुळे निम्मी दुकानं बंद आणि रस्त्यावर मांजा असतो. बुकिंगला सुरुवात रणातल्या मुक्कामापासून करा, नाताळात तेच सगळ्यात आधी भरतात. सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे का ते लिहा; असेल तर जीपमध्ये चढायला छोटं स्टूल घेऊन जावं लागेल, आम्ही नेलं होतं.