घरी खेळायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉट डॉग रोलर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की महिन्यातून दोनदा दहा-बारा जण खेळायला येतात, पिझ्झाचा कंटाळा आलाय, तर अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानात असतो तसा छोटा हॉट डॉग रोलर (फिरत्या गरम दांड्यांवर हॉट डॉग, म्हणजे सॉसेज, भाजणारं यंत्र) घरी घेण्यात अर्थ आहे का.

आहे. चौघंच येणार असतील तर मात्र बिडाचा तवा पुरतो.

शिकागोजवळ आम्ही पाच मराठी कुटुंबं शुक्रवारी जमतो. मोठ्यांचा पत्त्यांचा मेंढीकोट, मुलांचं कटान हा बोर्ड गेम. पूर्वी मी पावभाजी करायचे. भाजी आधी करून ठेवली तरी पाव भाजायला कोणीतरी तव्यापाशी उभं राहावंच लागतं, आणि मेंढीकोटात चौघांतला एक उठला की डाव थांबतो. आता ज्याला भूक लागेल तो उठतो, चिमट्याने रोलरवरचा एक हॉट डॉग उचलून बनमध्ये घालतो आणि परत येऊन बसतो. मीही पहिल्या डावापासून खेळते. माझ्या लेखी यंत्राचे पैसे इथेच वसूल झाले. चवीत तव्यावरचा हॉट डॉग काही उणा नसतो.

आमचं यंत्र सात रोलरचं आहे. सात रोलर म्हणजे मध्ये सहा खाचा, एकेका खाचेत दोन, असे बारा. पाहुणे यायच्या पाऊण तास आधी सुरू करा, कारण फ्रीजमधून काढलेले हॉट डॉग आतपर्यंत तापायला वेळ लागतो. दुकानातले हॉट डॉग बहुतेक आधीच शिजवलेले असतात, तरी लिस्टेरिया या जिवाणूच्या धोक्यामुळे ते ७४ अंश सेल्सियसपर्यंत (१६५ फॅरनहाइट) तापवायलाच हवेत. पाहुण्यांत कोणी गरोदर किंवा वयस्कर असेल तर यात हयगय नको. नंतर आच कमी करा, पण ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. सुईचा थर्मामीटर घ्याच. नुसत्या रंगावरून काही कळत नाही. आणि चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा किंवा गोल चकत्या करून देऊ नका, घशात अडकतो. आधी उभा चिरायचा, मग बारीक तुकडे.

आपल्या घरांत खरा प्रश्न कोण काय खातं हा असतो. अमेरिकेत पुष्कळ हॉट डॉग निव्वळ बीफचे असतात. म्हणून आम्ही चिकनचे आणतो, पण पाकीट नीट वाचून, कारण चिकन सॉसेजचं बाहेरचं आवरण कधीकधी पोर्कचं असतं. शाकाहारी मंडळींसाठी सोयाचे मिळतात, ते मात्र त्याच रोलरवर ठेवू नका. प्रत्येक हॉट डॉग दोन रोलरवर टेकलेला असतो, शेजारच्याची चरबी त्याला लागतेच. ‘कडेचे दोन रोलर व्हेजचे’ ही वाटणी मला पटत नाही. विश्वासाने जेवायला आलेल्या माणसाला ते सांगून तरी पाहा. त्यांचे मी वेगळ्या तव्यावर थोड्या तेलात परतून झाकून ठेवते. तसेही ते रोलरवर लवकर सुकतात.

बनचं गणित आधी करा: हॉट डॉगच्या पाकिटात बहुधा दहा असतात, बनच्या पाकिटात आठ. बन रोलरवर ठेवू नका, कडक होतात. ओलसर फडक्यात गुंडाळून मंद ओव्हनमध्ये ठेवले की मऊ राहतात. वर घालायला मोहरीची चटणी, बारीक कांदा, टोमॅटो, काकडीचं लोणचं, लोणच्यातल्या बारक्या मिरच्या आणि सेलरीचं मीठ, हा शिकागोचा थाट. शिकागोकर केचप घालत नाहीत, पण मुलांसाठी मी बाटली ठेवते.

घेण्याआधी वॅट बघा. हजार-बाराशे वॅटचं यंत्र आणि इन्स्टंट पॉट (विजेचा प्रेशर कुकर) एकाच १५ अँपिअरच्या लाइनवर लावलंत तर ब्रेकर पडेल. खालचा चरबीचा ट्रे निघतो ना, तेही तपासा. रोलर मात्र प्लग काढून, कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसायचे. सकाळपर्यंत ठेवलेत तर चरबी थिजते आणि घासताना त्यांच्यावरचा लेप जातो.