इंजिन उलटं फिरतं की झोत उलटतो?

प्रश्न असा आहे: 'धावपट्टीवर उतरताच वैमानिकाने इंजिने उलटी फिरवून विमान थांबवले' हे वाक्य बरोबर का, आणि थ्रस्ट रिव्हर्सरला, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा रेटा उलटवून वेग कमी करणाऱ्या यंत्रणेला, मराठीत काय म्हणावं?

वाक्य दोन ठिकाणी चुकलंय. इंजिन उलटं फिरत नाही. पंखा आणि टर्बाइन हवेत फिरत होते त्याच दिशेनं जमिनीवरही फिरतात. उलटतो तो बाहेर पडणारा झोत. टर्बोफॅनमध्ये, म्हणजे प्रवासी जेट विमानांच्या पुढे मोठा पंखा असलेल्या इंजिनात, पंख्यानं खेचलेली बहुतेक हवा ज्वलनकक्षात जातच नाही. ती गाभ्याच्या (ज्वलनकक्ष, टर्बाइन असलेल्या आतल्या भागाच्या) बाहेरून मागे सुटते, आणि रेट्याचा, म्हणजे विमान ढकलणाऱ्या जोराचा, मोठा वाटा तिचाच. चाकं टेकली की वैमानिक रिव्हर्सची दांडी ओढतो. इंजिनाच्या कवचाचा मागचा भाग सरकतो, आतली झाकणं या हवेची वाट अडवतात आणि ती जाळीतून तिरकी पुढे फेकली जाते. विमानाच्या पंखामागच्या खिडकीतून कवचाला पडलेली फट दिसते, पाठोपाठ आवाज चढतो. गाभ्यातला गरम झोत मात्र मागेच जात राहतो. डीसी-९ सारख्या जुन्या विमानांत नळाच्या धारेपुढे तळहात धरावा तशी दोन झाकणं थेट झोताच्या तोंडावर येत. (बाहेरची पाती फिरवणाऱ्या टर्बोप्रॉप इंजिनातही उलटतो तो पात्यांचा कोन, फिरण्याची दिशा नव्हे.)

दुसरी चूक 'थांबवले'. रिव्हर्सरचा खरा उपयोग वेग जास्त असताना. वेग साधारण ६० नॉटवर (ताशी सुमारे ११० किमी) आला की तो आवरता घेतात, नाहीतर पुढे फेकलेली हवा कचऱ्यासकट इंजिनात परत शिरते. थांबवण्याचं मुख्य काम चाकांचे ब्रेक करतात. कोरड्या धावपट्टीवर उतरायला लागणारं प्रमाणित अंतर काढताना रिव्हर्सर जमेस धरतच नाहीत, आणि एअरबस ए३८० विमानाच्या चारपैकी आतल्या दोनच इंजिनांना तो आहे. धावपट्टी ओली किंवा बर्फाळ असली की मात्र त्याची किंमत कळते, कारण त्याला टायरच्या पकडीशी देणंघेणं नसतं.

प्रतिशब्दाचं म्हणाल तर 'प्रतिप्रणोदक' वगैरे घडवण्यात मला रस नाही. वाचणारा तिथेच अडखळेल. समजावून सांगताना 'रेटा उलटवणारी यंत्रणा', एरवी सरळ 'रिव्हर्सर'. क्रियापद मात्र नेमकं हवं: रिव्हर्सर 'उघडतो' आणि 'मिटतो'. २६ मे १९९१ रोजी थायलंडवर लाउडा एअर या ऑस्ट्रियन कंपनीच्या बोइंग ७६७ चा एक रिव्हर्सर उड्डाणातच उघडला आणि २२३ जण गेले. तिथे 'इंजिन उलटे फिरले' लिहिलं तर अपघाताचं कारणच चुकतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'उतरताच वैमानिकाने रिव्हर्सर उघडले आणि ब्रेक लावून विमान थांबवले.'